हाडाची गाठ आणि बोअरचे पाणी

"डॉक्टर, खरं काय ते सांगा. आमच्या बोअरच्या पाण्यानंच झालं न्हवं हे?"

गेल्या महिन्यात सांगलीतील माझ्या दवाखान्यात एका शेतकऱ्याने मला हा प्रश्न विचारला. जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील हे गृहस्थ. नाव-गाव मुद्दाम गाळतो. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नववीत आहे. उजव्या गुडघ्याच्या वर दुखणे आणि सूज घेऊन तो चार महिने हिंडत होता. कबड्डी खेळताना मुरगळले असेल म्हणून आधी चोळणे झाले, मग बिब्बा घातला, मग एका हाडवैद्याकडे पट्टी बांधली. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा हाडातच गाठ दिसली. मुंबईला तुकडा तपासला. निदान झाले ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग.

वडिलांच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, मोबाईलवर फिरत आलेला मजकूर: पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांना हाडाचा कॅन्सर होतो, असे अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठाने शोधले आहे. दुसरी, त्यांच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल. त्यात फ्लोराइड लिटरला १.८ मिलिग्रॅम. नऊ वर्षांपूर्वी कर्ज काढून ती बोअर त्यांनीच मारली होती. वस्तीवरची आठ-दहा घरे त्याच पाण्यावर होती. मजकूर फिरला आणि लोकांनी बोअर बंद केली. आता सगळे टँकरची वाट बघतात. घरात आजी रोज एकच वाक्य म्हणते, "तूच मारलीस ती बोअर."

त्यांना मी जे सांगितले तेच आज जरा सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही.

हा आजार कोणता?

स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग पुढे हाडात पसरतो, तो वेगळा. ऑस्टिओसार्कोमा मुळात हाडातच सुरू होतो. हाड तयार करणाऱ्या पेशीच बेताल वाढू लागतात. बहुतेक रुग्ण दहा ते वीस वर्षांचे असतात, म्हणजे मुले झपाट्याने उंच होतात ते वय. गुडघ्याच्या वरचे आणि खालचे हाड ही त्याची नेहमीची जागा, त्या खालोखाल खांद्याजवळचे हाड. जिथे हाड सर्वांत वेगाने वाढते तिथेच हा रोग घर करतो.

आजार दुर्मिळ आहे. जगभरचा हिशेब दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार रुग्ण असा आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली मिळून अठ्ठावन्न लाख लोक होते. हाच हिशेब लावला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला वीसच्या आसपास रुग्ण येतात. पाच हजार वस्तीच्या गावात सरासरी पन्नास-साठ वर्षांत एक.

म्हणूनच याचे कारण शोधणे अवघड आहे. तोंडाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे त्याचे रुग्ण इतके, की मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. व. रा. खानोलकर यांना तंबाखू आणि पान खाण्याच्या सवयींचा या रोगाशी असलेला संबंध अभ्यासण्यासाठी रुग्ण शोधत फिरावे लागले नाही. हाडाच्या गाठीचे तसे नाही. शंभर रुग्ण गोळा करायला अनेक रुग्णालये आणि अनेक वर्षे लागतात. रुग्ण थोडे असले की केवळ योगायोगानेही दोन गोष्टी जोडलेल्या दिसतात. एखाद्या गावात दहा वर्षांत दोन मुलांना हा आजार झाला तर लोक लगेच पाण्याकडे नाही तर मोबाईल टॉवरकडे बोट दाखवतात. पण हजारो गावांपैकी काही गावांत असे योगायोगानेही घडणारच.

जी कारणे पटली आहेत

काही बाबतीत पुरावा पक्का आहे. पहिला दाखला रेडियमचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यात अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगवण्याचा कारखाना होता. तरुण मुली तिथे कामाला होत्या. रंगात रेडियम असे. आकडे बारीक उमटावेत म्हणून त्या कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करीत आणि दर वेळी थोडा रंग पोटात जाई. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते. ते थेट हाडांत जाऊन बसते आणि आतून किरण सोडत राहते. काही वर्षांत त्या मुलींचे जबडे सडू लागले, पुढे काहींच्या हाडांत गाठी आल्या. डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी हा संबंध उघड केला. पाच जणींनी कंपनीवर दावा लावला आणि १९२८ साली तडजोडीने भरपाई मिळवली. पुढे वाचलेल्या स्त्रियांची अनेक वर्षे तपासणी झाली. ज्यांच्या हाडांत रेडियम फार साठले होते त्यांच्यातच गाठी आढळल्या, अगदी थोडे साठलेल्यांत नाहीत. मात्रा वाढली की रोग वाढतो, हे पुराव्याचे मोठे अंग आहे.

रेडियम किरणांमुळे रोग करते. मग निव्वळ रसायनाने हाडाची गाठ होते का? होते, आणि तो दाखला औषधांचाच आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानपणी कर्करोग होऊन त्यातून बचावलेल्या ९१७० मुलांची पाहणी होती. त्यांच्यापैकी ६४ जणांना पुढे हाडाचा नवा कर्करोग झाला. किरणोपचार घेतलेल्यांत धोका वाढलेला होता. त्याचा हिशेब वेगळा काढल्यावरही सायक्लोफॉस्फामाइडच्या जातीची औषधे घेतलेल्यांत तो सुमारे पावणेपाच पट दिसला. ही औषधे पेशीच्या केंद्रकातील आनुवंशिक द्रव्यावरच घाव घालतात. कर्करोगाची पेशी त्याने मरते, पण क्वचित एखादी निरोगी पेशी बिघडते.

हे वाचून कोणी केमोथेरपीला घाबरू नये. ती औषधे घेतली म्हणूनच ती मुले पुढचे आयुष्य पाहू शकली. अशा मुलांना मोठेपणीही तपासणीला यावे लागते, एवढाच याचा अर्थ.

ससा, उंदीर आणि माणूस

रसायन कर्ककारक आहे का हे पाहण्यासाठी प्रथम प्राण्यांवर प्रयोग होतात. १९४६ साली बेरिलियम या धातूची संयुगे सशांच्या शिरेत टोचली, तेव्हा त्यांच्या हाडांत ऑस्टिओसार्कोमा झाला. त्या वेळी अमेरिकेत ट्यूबलाइटच्या आतील लेपात असे संयुग वापरले जाई. पण कारखान्यांतील माणसांत बेरिलियमने जो कर्करोग केला तो फुफ्फुसाचा, हाडाचा नव्हे. सशात दिसले ते माणसात तसेच दिसेल असे नाही.

आता फ्लोराइड. आपण पोटात घेतो त्या फ्लोराइडपैकी शरीरात जे राहते ते जवळजवळ सगळे हाडांत आणि दातांत जाऊन बसते. ते हाड तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. वाढत्या वयात त्याचा हाडाच्या गाठीशी संबंध असेल का, ही शंका त्यामुळे रास्तच होती. अमेरिकेत तर ती फार महत्त्वाची. दात किडू नयेत म्हणून तिथे १९४५ पासून अनेक शहरांच्या नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळतात.

तेथील सरकारी प्रयोगाचा निष्कर्ष १९९० साली आला. उंदरांना दोन वर्षे फ्लोराइडचे पाणी पाजले. साधे पाणी पिणाऱ्या ८० नरांत हाडाची गाठ एकालाही झाली नाही. मधल्या मात्रेत ५० पैकी एकाला झाली. सर्वांत मोठ्या मात्रेत ८० पैकी तिघांना झाली. त्या मात्रेत लिटरला सुमारे ७९ मिलिग्रॅम फ्लोराइड होते, म्हणजे आपल्याकडच्या कमाल मर्यादेच्या पन्नास पटींहून अधिक. माद्यांत काहीच दिसले नाही. शास्त्रज्ञांनी या पुराव्याला 'संदिग्ध' असा शेरा दिला.

तो गाजलेला अभ्यास

मोबाईलवरचा मजकूर ज्या अभ्यासावर बेतला आहे तो २००६ सालचा, हार्वर्ड विद्यापीठातील. वीस वर्षांखालील १०३ रुग्ण आणि हा आजार नसलेली २१५ मुले यांची तुलना त्यात होती. लहानपणी ही मुले कोठे राहत, कोणते पाणी पीत हे घरच्यांना विचारून कोणत्या वयात किती फ्लोराइड पोटात गेले असेल याचा अंदाज बांधला. मुलींत संबंध आढळला नाही. मुलग्यांत मात्र सातव्या वर्षाच्या आसपास जास्त फ्लोराइडचे पाणी पिणाऱ्यांत धोका सुमारे साडेपाच पट दिसला.

हा 'साडेपाच पट' आकडा नीट वाचायला हवा. त्याच अभ्यासाच्या हिशेबाने खरा आकडा दीडपट ते वीसपट यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. दुकानदाराने "या पोत्यात पंधरा किलोपासून दोनशे किलोपर्यंत कितीही ज्वारी असेल" असे सांगावे, तसे हे झाले. रुग्ण थोडे असले की असेच होते. अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिले की हे पुन्हा तपासले पाहिजे. ज्या अंकात तो छापला त्याच अंकात विद्यापीठातील वरिष्ठांचे सावधगिरीचे पत्रही छापले होते. मोबाईलवर फिरताना ते पत्र गळून पडले.

पुन्हा तपासणी झाली. २०११ साली १३७ रुग्णांच्या हाडाचा नमुनाच काढून त्यातील फ्लोराइड मोजले. आठवणीपेक्षा हाडाची साक्ष अधिक भरवशाची. हाडाचे इतर कर्करोग असलेल्या ५१ रुग्णांशी तुलना केली, तर लक्षणीय फरक आढळला नाही. २०१४ साली ब्रिटनमधील १९८० ते २००५ या काळातील ऑस्टिओसार्कोमाचे २५६६ रुग्ण तपासले गेले. जिथे पाण्यात फ्लोराइड जास्त तिथे रोग जास्त, असे काही दिसले नाही. उलट बाजूचा एक भारतीय अभ्यासही आहे. २०१२ साली रोहतकच्या डॉक्टरांना हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले. पण रुग्ण अगदी थोडे होते. इतक्या थोड्यांवरून कारण ठरवता येत नाही.

म्हणजे रेडियमच्या बाबतीत जो पुरावा उभा राहिला, तसा फ्लोराइडच्या बाबतीत राहिलेला नाही. शंका घेणे योग्य होते, तपासणी झाली, आणि मोठ्या तपासण्यांत संबंध टिकला नाही. बहुतेक रुग्णांत हा आजार कोणाच्याही चुकीशिवाय होतो. काही थोड्या कुटुंबांत आनुवंशिक दोष असतो. मार लागल्यानेही हा कर्करोग होत नाही. मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते, इतकेच.

मग पाण्याचे काय?

फ्लोराइड निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते जे निश्चित करते त्याचे नाव फ्लोरोसिस. आपल्या देशात १९३७ साली नेल्लोर भागातून त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील गावांना तो चांगला ठाऊक आहे. लहानपणापासून असे पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि ते घासून जात नाहीत. मात्रा फार असेल आणि वर्षे फार गेली तर कंबर, मान आखडते, पाय वाकतात. मोडलेले दिवस परत मिळत नाहीत, पण पाणी बदलले तर पुढचे नुकसान टळते.

पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नदीच्या पाण्यात ते सहसा कमी असते. बोअर खोल गेली की खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरू शकते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत खोल बोअरचे पाणी पिणाऱ्यांनी ते एकदा तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. रंग, वास, चव यांवरून फ्लोराइड ओळखता येत नाही.

पाणी उकळून ते जात नाही. उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात प्रमाण थोडे वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओ यंत्राने जाते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत तयार केली आहे. ती 'नलगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. छपरावरचे पावसाचे पाणी नीट साठवले तर तेही उपयोगी पडते. अशी बोअर बुजवण्याची गरज नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरे पाणी घ्यावे. धुणी, अंघोळ, शेती यांना बोअर चालते.

खरा वैरी उशीर

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. त्यासाठी माझीच चूक सांगावी लागेल.

तीस वर्षांपूर्वी मी माण तालुक्यात नवा दवाखाना टाकला होता. सतरा वर्षांची एक मुलगी गुडघ्याखाली दुखते म्हणून आली. गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा गोळ्या दिल्या. एक्स-रेसाठी साताऱ्याला जावे लागे. सुगीचे दिवस होते, तिच्या वडिलांचा रोजगार बुडेल म्हणून मीच म्हणालो, "राहू दे, बरं वाटेल." अडीच महिन्यांनी ती आली तेव्हा गाठ डोळ्यांना दिसत होती आणि छातीच्या फोटोत ठिपके होते. ती वाचली नाही. वेळेवर एक्स-रे झाला असता तर ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही. पण तिची संधी मी कमी केली, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे. वाढत्या मुलाचा एकच पाय किंवा एकच हात, सांध्याजवळ, तीन-चार आठवडे दुखत असेल, विश्रांतीने कमी होत नसेल, रात्री झोपमोड होत असेल, तर एक्स-रे काढावा. सूज वाढत असेल, ती जागा गरम लागत असेल, मूल लंगडत असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर एक दिवसही थांबू नये. अशी जागा चोळू नये. बिब्बा, डाग, आवळपट्टी काहीही करू नये. बहुतेक वेळा एक्स-रेत काही निघणार नाही. तो खर्च वाया गेला असे समजू नये.

एक्स-रेत गाठ दिसली तर तुकडा काढण्याची घाई जवळच्या दवाखान्यात करू नये. ज्या रुग्णालयात पुढची शस्त्रक्रिया होणार तिथेच बायोप्सी करावी. चुकीच्या जागी घातलेल्या छेदापायी वाचण्याजोगा पायही कापावा लागू शकतो. सुई घातल्याने कर्करोग पसरतो ही भीती मात्र खोटी आहे.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी या रोगात पाय कापूनही पाचांतला एखादाच वाचत असे. आता आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. रोग फुफ्फुसात पोहोचण्याआधी उपचार झाले तर दहांपैकी सहा-सात मुले बरी होऊ शकतात. बहुतेकांचा पायही वाचवता येतो. रोगट हाड काढून धातूचे हाड आणि सांधा बसवतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे नेहमीचे काम आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार आहेत. कागदपत्रांची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

त्या शेतकऱ्याला मी शेवटी म्हणालो, "दादा, तुमच्या बोअरनं हे झालं असं म्हणायला पुरावा नाही. आईंना हे माझ्या नावानं सांगा. पण प्यायचं पाणी बदला." बरोबर त्यांची आठ वर्षांची धाकटी मुलगी होती. तिला "आ कर बाळ" म्हटले. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते. फ्लोराइडची खूण त्या घरात होती ती तिथे. मोठ्या मुलाच्या भीतीत तिच्याकडे पाहायचे राहून गेले होते.

मुलाच्या दोन केमो झाल्या आहेत. छातीचा फोटो स्वच्छ आहे. वस्तीने बोअर पुन्हा सुरू केली, धुण्यापुरती आणि जनावरांपुरती. पिण्याचे पाणी दुसरीकडून येते. आजी अजून बोलते, पण आता टँकर वेळेवर येत नाही म्हणून.